तुझा आलेख

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलंस की नेटवर्क मोठं केलं की तुझ्या आलेखातलं शिखर सरकतं. मी ‘प्रोग्रॅम चुकला असेल’ म्हणालो आणि तू फोन ठेवलास. तुझ्याकडे तेव्हा रात्रीचे तीन वाजून गेले होते, हे मला मागाहून सुचलं. झोपतेस ना? असो, हे विचारायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

आयुष्यभर मी साखळीच शिकवली. आयझिंगनं १९२५ साली छापलेलं चुंबकाचं मॉडेल तेच: एका ओळीतले स्पिन, म्हणजे शेजाऱ्यासारखेच वर किंवा खाली वळू पाहणारे इवलेसे चुंबक, प्रत्येकाला दोनच शेजारी. ओळ कुठेही फुटली तरी किंमत तेवढीच, म्हणून निरपेक्ष शून्य तापमानाच्या वर चुंबकत्व टिकत नाही. मग चौरस जाळी, ऑनसागरचं १९४४ चं उत्तर: चुंबकत्व जातं ते क्रांतिक तापमान, मॉडेलच्या एककांत २.२६९. तास संपायचा. क्रांतिक तापमान म्हणजे एक ठरलेला आकडा, हे इतकं मुरलंय की नेटवर्क मोठं केलं की ग्राह्यतेचं, म्हणजे बाहेरच्या चुंबकाला मिळणाऱ्या प्रतिसादाचं, क्रांतिक तापमान दाखवणारं शिखर उजवीकडे, जास्त तापमानाकडे सरकतं म्हणालीस, तर मला चूकच दिसली.

काल वाचत बसलो. बाराबाशी-आल्बर्ट नेटवर्कमध्ये नवा नोड, म्हणजे जाळ्यातला नवा बिंदू, इथे एक स्पिन, शक्यतो आधीच भरपूर जोडण्या असलेल्याकडे जातो. असे थोडे भरपूर जोडण्यांचे नोड, म्हणजे हब, अवाढव्य होतात आणि ऊष्मा वाढला तरी आपल्या शेजाऱ्यांना सरळ धरून ठेवतात. नोडची संख्या वाढेल तसं क्रांतिक तापमान तिच्या लॉगरिदमनं चढतं; अनंत नेटवर्कला ते उरतच नाही. २००२ मध्येच हे छापून आलंय. म्हणजे नोड दहापट केले की दर वेळी शिखर साधारण तेवढ्याच अंतरानं सरकायला हवं. तपासून बघ. सकाळी, रात्री नव्हे.

सहावीत तू लोखंडाची तार चुंबकाला लटकवून गॅसवर लाल केली होतीस. ७७० अंशांपाशी, लोखंडाच्या क्रांतिक तापमानाला, ती सुटून खाली झुलली, निवल्यावर पुन्हा चिकटली. ‘परत, बाबा, परत’ करत सिलिंडर संपवलास. आई अजून ते काढते. तिला परवाचं सांगितलेलं नाही.

हबनं सगळ्यांना धरायचं हे मॉडेलमध्ये ठीक, माणसानं एकटीनं... जाऊ दे, भाषण झालं. माफ कर. दादाच्या वेळी मला फार उशिरा कळलं, एवढंच.

गाईडना मात्र हा आलेख न घाबरता दाखव. मला जमला नसता.

रन लावून झोप. उठल्यावर शिखरांचे आकडे पाठव, मी आलेखाच्या कागदावर मांडून ठेवतो. किती तास झोपलीस तेही लिही.

बाबा