परळच्या डॉक्टर मॅडमना, कागद आईकडे वळवल्याबद्दल

नमस्कार मॅडम,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही हे माहितीये. आईचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, किमो चालू आहे, जेवण बऱ्यापैकी जातंय. त्याचे आभार आहेतच पण मला दुसरंच काहीतरी लिहायचंय.

तुमच्याकडे येण्याआधी जिथे दाखवत होतो तिथे कित्येक महिने मूळव्याध मूळव्याध करत मलम आणि इसबगोल चालू होतं आणि रक्त जायचं ते जातच होतं. मग एकदाची सीए १९-९ नावाची कॅन्सरची रक्ततपासणी केली, ती जवळजवळ शून्य आली, तर साहेबांनी मान वर न करता रिपोर्ट टेबलावर टाकला, "बघा, उगाच घाबरता." कोलोनोस्कोपीचं, म्हणजे दुर्बिणीने आतडं बघायचं, नावसुद्धा नाही. त्यांना काय बोलायचं, जाऊ दे.

नंतर निदान झालं आणि मामांनी व्हॉट्सॲपवर वाचलं की कॅन्सरच्या पेशींवर साखर असते. झालं, आईचा चहा बिनसाखरेचा, शिरा बंद, गणपतीत मोदक बंद, डायबेटिस नाही काही नाही तरी बाई गपगुमान सगळं सोडत गेली.

तुमच्या ओपीडीत मी फाईल घेऊन उभा, आई खुर्चीत. सगळे डॉक्टर माझ्याशीच बोलतात, आई जणू तिथे नाहीच. तुम्ही स्टूल ओढून तिच्यासमोर बसलात, रिपोर्टच्या पाकिटावर पेनाने एक गोल काढलात, त्यावर छोट्या छोट्या फांद्या, आणि पाकीट तिच्याकडे वळवलंत. माझ्याकडे नाही. मॅडम, तेवढंच. मला अजून ते आठवलं की घशात येतं.

तुम्ही म्हणालात, आजी, या साखरेच्या साखळ्या निरोगी पेशीवरही असतात, पेशी त्या स्वतः बांधते, तुमच्या चहातल्या चमच्यावर ते ठरत नाही. बिघडतात ते बांधणारे एन्झाइम. एक एन्झाइम साखळीच्या टोकाला सियालिक ॲसिड नावाची एक साखर लावतं, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ते जास्तच काम करायला लागतं, मग पेशीला "आता मर" असा निरोप घेणाऱ्या प्रोटीनवरच ते टोक बसतं आणि पेशी मरत नाही. वर शरीराचे पहारेकरीही सोडून देतात, पास दिसला की टीसी पुढे जातो तसं. आईने आयुष्यभर हार्बर लाईन केलीये, ती लगेच हसली!

मी घरी येऊन वाचत बसलो. त्या एन्झाइमचं नाव एसटी६गॅल१. आणि उलटंही असतं, बी४गॅलएनटी२ नावाचं एक एन्झाइम निरोगी आतड्यात भरपूर असतं, कॅन्सरमध्ये ते जवळपास गायबच होतं, त्यामुळे ज्या साखळ्या एरवी बनू नयेत त्या बनतात, आणि त्यांना धरून पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटू शकते, दुसरीकडे पसरायला ते सोयीचं पडतं.

आणि तो शून्य रिपोर्ट! सीए १९-९ म्हणजे अशीच एक साखळी, १९७९ मध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवरून शोधलेली. काही माणसांत ती बांधणारं एन्झाइम जन्मापासूनच चालत नाही, मग गाठ केवढीही असो, आकडा वाढतच नाही. तुम्ही हे दोन वाक्यांत सांगितलंत आणि म्हणालात आपण सीईए बघू (रक्तातलाच दुसरा मार्कर, तो १९६५ पासून माहितीये म्हणे). आधीच्या साहेबांना नावं ठेवली नाहीत. मी ठेवली असती, आता ठेवतोच आहे.

बाहेर आल्यावर आईने कॅन्टीनमध्ये स्वतः चहा मागितला, दोन चमचे साखर घालून, आणि मामांना फोन लावायला सांगितला. तिथल्या आयाबाई, स्ट्रेचरवाले काका, सगळे तिला आजी म्हणतात, गर्दी एवढी की पाय ठेवायला जागा नाही तरी कुणी खेकसत नाही. डिग्री एकवेळ मिळते हो, हे कुठून येतं कुणास ठाऊक.

ते पाकीट आईने फाईलमधून काढून स्वतःच्या पर्समध्ये ठेवलंय, शेजारपाजारच्यांना दाखवून एन्झाइम समजावत असते, अर्धं चूक सांगते. पुढच्या तारखेला ती तुमच्यासाठी मोदकांचा डबा आणणार आहे, तेव्हा प्लीज नियम सांगू नका, गपचूप घ्या.

तुमच्या आजींचा मुलगा