लुसिओविषयी, माझ्या जुन्या गोलकीपरास

मडगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. जो स्टॉपर, म्हणजे गोलासमोरचा मधला बचावपटू, आपली जागा सोडून चेंडू घेऊन पुढे धावतो, त्याच्यावर गोलकीपरने कधी विसंबू नये, हे तुझे जुने मत तू पुन्हा मांडले आहेस आणि पुराव्यादाखल ब्राझीलच्या लुसिओचे नाव दिले आहेस. कोल्हापुरात तालमीच्या संघात तू माझ्यामागे गोलात उभा राहून वर्षानुवर्षे ‘मागे ये’ म्हणून ओरडत होतास, त्यामुळे हा टोला खरा कोणाला आहे हे मला समजते. तरीही लुसिओची बाजू मांडल्यावाचून राहवत नाही.

२१ जून २००२ ची दुपार मी विसरलेलो नाही. जपानमधल्या शिझुओकाचा ब्राझील-इंग्लंड विश्वचषक सामना आपल्याकडे बाराच्या ठोक्याला सुरू झाला होता. इंग्लंडच्या हेस्कीने पुढे दिलेला चेंडू लुसिओला आवरला नाही, तो ओवेनच्या पायात गेला, इंग्लंडचा गोल झाला आणि तू टीव्हीकडे न पाहता माझ्याकडे पाहिलेस. पण ही चूक तो पुढे धावत गेल्यामुळे झाली होती का? तो तर तू सांगतोस तसा, आपल्या जागेवरच होता. पुढे रिव्हाल्डो आणि रोनाल्डिन्यो यांच्या गोलांनी ब्राझील तरला, आणि त्यानंतर तुर्कस्तान व जर्मनी यांच्याविरुद्ध ब्राझीलवर एकही गोल झाला नाही, हे तू सोयीस्करपणे विसरतोस.

त्या वर्षाची खरी गंमत निराळीच आहे. लेव्हरकुसेन या लुसिओच्या जर्मन क्लबने तीन सामने उरले असताना पाच गुणांची आघाडी घालवून जर्मन लीग गमावली, जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात शाल्केकडून हार पत्करली आणि ग्लासगोमध्ये रेआल माद्रिदकडून चॅम्पियन्स लीगही गमावली. ग्लासगोतला लेव्हरकुसेनचा एकमेव गोल हेडरने कोणी केला, तर या स्टॉपरने. लोकांच्या लक्षात मात्र रेआलच्या झिदानने हवेतल्या हवेत मारलेला गोल राहिला. दीड महिन्यानंतर योकोहामात विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीकडून रामेलो, श्नायडर आणि नॉयव्हिल हे त्याचेच क्लबमधले सहकारी समोर उभे होते, बालाक निलंबनामुळे बाहेर बसला होता, आणि विश्वचषक उचलताना त्या सगळ्यांपैकी लुसिओ तेवढा हसत होता.

गोलकीपर म्हणून तुला एक गोष्ट विशेष भावेल. प्लानाल्टिना या ब्रासिलियाजवळच्या गावचा हा पोरगा १९९७ मध्ये ग्वारा नावाच्या छोट्या संघाकडून ब्राझीलच्या चषक स्पर्धेत इंटरनासिओनालविरुद्ध खेळला. ग्वारा ७-० असा हरला, आणि सात गोल करणाऱ्या त्याच संघाने हरलेल्यांचा स्टॉपर आपल्याकडे ओढला. सात गोल खाल्ल्यावर आपल्या तालमीने त्याला पुढच्या सामन्यात राखीव म्हणूनही बसवले नसते.

उतावळा बचावपटू म्हणून तू त्याला हिणवतोस, त्याचे उत्तर २००६ च्या विश्वचषकात आहे. तिथे सलग ३८६ मिनिटे त्याने एकही फाउल केला नाही. म्हणजे चार पूर्ण सामने आणि फ्रान्सविरुद्धची पहिली सव्वीस मिनिटे. चेंडू नेमका केव्हा काढून घ्यायचा हे ज्याला कळते, त्यालाच तो घेऊन पुढे धावण्याची मुभा असावी, असे माझे मत आहे. मला ती मुभा नव्हती, हे मान्य करतो.

बायर्न म्युनिकमध्ये पाच हंगामांत तीन वेळा लीग आणि तीन वेळा चषक जिंकल्यावर, २००९ मध्ये नव्या प्रशिक्षकाच्या योजनेत त्याला जागा उरली नाही. तो मिलानच्या इंटरकडे गेला, बचावात सॅम्युएलच्या जोडीला उभा राहिला, आणि २२ मे २०१० रोजी माद्रिदमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात त्याच बायर्नविरुद्ध इंटरने एकही गोल खाल्ला नाही. मिलितोचे दोन गोल सगळे सांगतात, तू तरी शून्याचे मोल जाण. त्याच उन्हाळ्यात विश्वचषकात ब्राझीलचा कर्णधार म्हणून तो हॉलंडकडून हरून परतला, हेही लिहितो, नाहीतर तूच आठवण करून देशील.

त्यानंतरचा युव्हेंटस, साओ पावलो, पाल्मेरास हा प्रवास उतरणीचा होता. पण २०१५ मध्ये तो इथे, ब्राझीलचाच जुना खेळाडू झिको प्रशिक्षक असलेल्या एफसी गोव्यात आला. २० डिसेंबरला इथल्या फातोर्डा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा चेन्नईयिनविरुद्ध अंतिम सामना होता. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला गोवा २-१ असा पुढे गेला, तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाने मला मिठी मारली. पुढच्या पाचेक मिनिटांत चेन्नईयिनने ३-२ असा सामना फिरवला आणि त्या गृहस्थाने हात हळूच काढून घेतले. चेन्नईयिनच्या संघात एलानो होता, म्हणजे २००९ च्या कॉन्फेडरेशन्स चषकाच्या अंतिम सामन्यात ज्याच्या कॉर्नरवर लुसिओने अमेरिकेविरुद्ध चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला हेडर मारून ब्राझीलला ३-२ असे जिंकून दिले, तोच. ०-२ ने पिछाडीवर पडलेला तो सामना संपल्यावर कर्णधार लुसिओ रडला होता. तेव्हाही हा स्टॉपर पुढेच गेला होता, मित्रा; मागे थांबला असता तर हेडर कोणी मारला असता?

१०५ आंतरराष्ट्रीय सामने खेळलेल्या या माणसाने २०२० च्या जानेवारीत, एक्केचाळिसाव्या वर्षी खेळ थांबवला. आपण दोघांनी तो तिशीतच थांबवला होता. दिवाळीनंतर कोल्हापूरला येतो आहे. शाहू स्टेडियमवर एखादा सामना पाहू. स्टॉपर पुढे गेला तर तू ओरड, मी टाळ्या वाजवीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जागा सोडणारा स्टॉपर