धर्माच्या रकान्यात काय लिहायचं

लातूर, 16 ऑक्टोबर

आदरणीय बाबा आणि प्रिय आई,
सविनय जय भीम.

परवा फोनवर पोरीच्या अमेरिकेतल्या अर्जाचं सांगताना मी "ख्रिस्ती कॉलेज" म्हणाले आणि बाबा, तुम्ही गप्प झालात. मग "घे, तूच बोल" म्हणून फोन आईच्या हातात दिलात. आईनं तिथल्या थंडीचं विचारलं, भाकरीचं विचारलं. मी उत्तरं देत होते, पण सगळं ध्यान तुमच्या खोकल्याकडं होतं. काल रात्रपाळी होती. पहाटे वॉर्ड शांत झाल्यावर ठरवलं की हे पत्रातच लिहायचं. फोनवर मला रडू येतं आणि सांगायचं ते राहून जातं.

तुम्हाला काय वाटलं असेल ते मला कळतंय. आपल्या माणसांनी 1956 साली एका जोखडातून मान सोडवून घेतली, आणि आता नात दुसऱ्या धर्माच्या दारात जाऊन उभी राहिली, असंच ना? पहिल्यांदा पोरीनं त्या कॉलेजचं पान मला दाखवलं तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला होता. वरच बायबलातलं वचन होतं. मी म्हणाले, "हे आपल्यासाठी नाही, बंद कर." ती म्हणाली, "आई, अर्थ तर वाच." अर्थ असा की देवानं पृथ्वीवरची सगळी माणसं एकाच रक्ताची घडवली. देवाचं राहू द्या बाजूला. एकाच रक्ताची माणसं, हे तुम्ही आम्हाला जेवताना सांगायचात.

या कॉलेजाचं नाव बेरिया. अमेरिकेत केंटकी नावाचं राज्य आहे, तिथल्या डोंगराळ भागातलं. जॉन फी नावाच्या धर्मोपदेशकानं 1855 साली ते सुरू केलं. केंटकीत तेव्हा गुलामगिरी कायद्यानं चालू होती, माणसांचा बाजार भरत होता. फी गुलामगिरीच्या विरोधात उघड बोलायचे, म्हणून 1859 साली जमावानं त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना राज्याबाहेर हाकललं. यादवी युद्धानंतर ते परत आले आणि 1866 साली शाळा पुन्हा भरली, तेव्हा 187 विद्यार्थ्यांमध्ये 96 काळे होते आणि 91 गोरे. मुली आणि मुलं एकत्र. काल ज्याला विकत घेता येत होतं, त्याच्या शेजारी त्याच बाकावर मालकांच्या जातीचं लेकरू. बाबा, आपल्या गावच्या शाळेत तुम्हाला कुठं बसवत होते ते आजीनं मला सांगितलंय. म्हणून हे आकडे मी दोनदा वाचले.

पुढं 1904 ला केंटकी सरकारनं कायदाच केला की काळ्या-गोऱ्यांनी एकत्र शिकायचं नाही. कॉलेज कोर्टात गेलं, पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत, आणि 1908 ला हरलं. तो कायदा 1950 साली सैल झाला, आणि मग काळी मुलं परत तिथं आली. 1950 म्हणजे बाबासाहेबांनी काढलेलं आपलं औरंगाबादचं मिलिंद कॉलेज ज्या वर्षी सुरू झालं तेच साल. पोरीनंच मला दाखवलं. नागसेनवनातल्या वसतिगृहाच्या, तिथल्या पिंपळाच्या गोष्टी तिनं तुमच्याच तोंडून ऐकल्यात ना.

आणि तुमच्या लोखंडी कपाटातलं ते कव्हर गेलेलं पुस्तक, गुलामगिरी. 1873 साली जोतिरावांनी ते अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, ज्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केलं. तुम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हाला ओसरीवर बसवून पहिलं पान मोठ्यानं वाचायला लावायचात. मी कितीदा वाचलं असेल, पण ती माणसं कोण, कुठली, असं कधी मनात आलं नाही. पोरीच्या मनात आलं. ती म्हणते, फी त्यांच्यातलेच. जोतिरावांना बेरियाचं नाव तरी ठाऊक होतं का कुणास ठाऊक, पण अर्पणपत्रिका अशाच माणसांसाठी आहे एवढं खरं. आणि स्वतः जोतिराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, हे तर तुम्हीच शिकवलेलं. इंग्रजी घेतलं, माणसाच्या हक्कांचा विचार घेतला, आणि ख्रिस्ती काही झाले नाहीत.

आता खरी गोष्ट सांगते, जी फोनवर सांगायची राहिली.

बेरियाच्या आधी आम्ही दुसऱ्या एका कॉलेजचा अर्ज भरायला घेतला होता. परदेशी मुलांना शिष्यवृत्ती चांगली होती. अमेरिकेत ख्रिस्ती कॉलेजं एका साच्याची नाहीत, हे मला तोवर माहीतच नव्हतं. काही ठिकाणी धर्म नावापुरता उरलाय. काही ठिकाणी प्रार्थनेला हजेरी असते पण कुणीही शिकू शकतं. आणि काही ठिकाणी विद्यार्थ्यानं स्वतः ख्रिस्ती असायला लागतं, आपल्या श्रद्धेबद्दल लिहून द्यायला लागतं, चर्चच्या पाळकाचं शिफारसपत्र जोडायला लागतं आणि कसं राहायचं त्याच्या करारावर सही करायला लागते. त्यांच्या बाजूनं ते बरोबरच आहे. त्यांना आपल्या श्रद्धेची माणसं घडवायची आहेत आणि ते अर्जातच स्वच्छ सांगतात, कुणाला फसवत नाहीत. आम्ही घेतलेला अर्ज त्या तिसऱ्या प्रकारचा निघाला.

ज्या सल्ला केंद्रात आम्ही पैसे भरले होते, तिथला माणूस सहज म्हणाला, "लिहा की काहीतरी, तिकडं कोण बघायला येतंय? पाळकाचं पत्र मी आणून देतो." बाबा, मी एक क्षण डगमगले. खोटं कशाला बोलू? चार वर्षांचा खर्च डोळ्यापुढं आला, तुमच्या जावयाचा पगार आला, आणि मी गप्प राहिले. बोलली ती पोरगी. म्हणाली, "काका, खोटं कामून लिहायचं? माझ्या आजोबांनी खरं लिहून नोकरी घालवली होती." आणि उठून बाहेर जाऊन उभी राहिली. तिला तो किस्सा कुणी सांगितला असंल, तर आई, तूच.

मला तो तुकड्या-तुकड्यानं माहीत होता. 1976 साल, केंद्र सरकारच्या एका खात्यातली जागा, लेखी परीक्षा पास. फॉर्मवर धर्माचा रकाना. कारकुनानं तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की हिंदू लिही आणि पुढं जात लिही, बौद्ध लिहिलंस तर केंद्राची सवलत मिळत नाही. सगळे असंच लिहायचे, आणि त्यांना मी दोष देत नाही, घरात खाणारी तोंडं होती. तुम्ही बौद्ध लिहिलंत. नोकरी गेली. केंद्राचा तो कायदा 1990 साली बदलला, तोवर तुमचं वय निघून गेलं होतं आणि तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होऊन 12 वर्षं झाली होती. आई तेव्हा दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. लहानपणी मला तुमचा राग यायचा. वाटायचं, एका शब्दानं काय झालं असतं. त्या दिवशी सल्ला केंद्राच्या पायऱ्यांवर पोरगी पाठमोरी उभी होती, आणि तो राग गेला.

भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. मिळणारही नाहीत.

त्यानंतर तिनं स्वतः शोधून बेरिया काढलं. तिथं ख्रिस्ती असण्याची अट नाही. धर्मावर सही नाही, पाळकाचं पत्र नाही. चर्च आहे, प्रार्थना होतात, ज्याला जायचं तो जातो. नावाचीही गोष्ट ऐका. बायबलात बेरिया गावचे लोक आहेत. पौल नावाचा ख्रिस्ती प्रचारक उपदेश करायला आला तर त्यांनी ऐकून घेतलं, पण तो सांगतो ते खरं आहे का म्हणून रोज ग्रंथ उघडून तपासलं. तुम्ही बुद्धांचं कालाम सुत्त समजावून सांगताना काय सांगता? परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखा. मी असं म्हणत नाही की दोन्ही एकच. पण तपासून बघणाऱ्या माणसांचं नाव ज्या गावानं घेतलं, तिथं आपलं लेकरू राहू शकतं असं मला वाटतं.

उद्या तिनं तिथं जाऊन, विचार करून, दुसरंच काही मानलं तर? हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्या मनात असणार, माझ्याही आहे. मी रात्रभर त्याच्यावर विचार केला. तिचं तिनं डोळे उघडे ठेवून निवडलं तर मी तिला अडवणार नाही. आपल्या आज्यानं नागपूरला जे केलं, ते कुणाला विचारून केलं नव्हतं. तुम्हाला हे वाक्य आवडणार नाही, तरी लिहिते.

आता पैशाचं. हे कॉलेज 1892 पासून शिकवणी फी घेत नाही. कुणाकडूनच. बदल्यात प्रत्येक मुलाला काम करावं लागतं, आठवड्याला किमान 10 तास. स्वयंपाकघर, ग्रंथालय, सुतारकाम, शेत. भाऊराव पाटलांची कमवा आणि शिका समजा. कॉलेजचं स्वतःचं शेत 1871 पासून आहे, आणि पोरीचा डोळा त्याच्यावरच आहे. तिला शेतीच शिकायची आहे. लातुरात राहून नीटचा क्लास नको म्हणणारी मुलगी म्हणजे शेजारपाजारचे असं बघतात की घरात कुणी आजारी आहे. पण 2016 ला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा ती आठ वर्षांची होती, घागर घेऊन माझ्यासोबत रांगेत उभी राहायची. तेव्हापासून तिच्या डोक्यात माती आणि पाणी आहे.

तुम्ही म्हणाल, मग आपल्या परभणीला कृषी विद्यापीठ आहे की, घरून सायकलवर जाईल. बरोबर आहे, आणि ती सीईटीचा फॉर्मसुद्धा भरणार आहे. बेरियात बहुतेक जागा त्यांच्याच डोंगरी भागातल्या गरीब मुलांसाठी आहेत, आणि तसंच असायला पाहिजे. परदेशी मुलांसाठी थोड्याच उरतात आणि अर्ज जगभरातून. नाही लागला नंबर तर ती तुमच्याकडंच राहायला येईल. आई, मधली खोली रिकामी ठेव, तांदळाची पोती आत्ताच तिथं टाकू नको.

काम कितीतरी आहे. नववीपासूनच्या गुणपत्रिका शाळेच्या शिक्क्यानिशी इंग्रजीत पाहिजेत. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी, त्याच्यासाठी हेलपाटे चालू आहेत. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळाला. इंग्रजीची परीक्षा घरीच संगणकावर दिली, खोलीत दुसरं कुणी येऊन चालत नाही, म्हणून तुमचे जावई तासभर दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते आणि शेजारच्या लेकरांना गप्प करत होते. निवड झाली तर कॉलेज आय-ट्वेंटी नावाचा कागद पाठवतं, मग 350 डॉलरची एक फी, 185 डॉलरची व्हिसाची फी, आणि मुंबईला वांद्र्याच्या बीकेसीत मुलाखत. तिथल्या अधिकाऱ्याला पटवावं लागतं की शिकून झाल्यावर मुलगी परत येणार आहे. एवढे पैसे आम्ही बाजूला काढलेत. त्याच्यासाठी तुमच्या पेन्शनीला हात लावायचा नाही, आई, तू गुपचूप द्यायला बघशील म्हणून आधीच लिहिते.

आईच्या प्रश्नांची उत्तरं: बर्फ पडतं. ज्वारीची भाकर मिळणार नाही. हो, एकटीनं विमानात बसावं लागेल.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. अर्जासोबत एक निबंध द्यायचा असतो, स्वतःबद्दल. तिनं तुमच्या त्या फॉर्मवर लिहिलाय. मला न दाखवता लिहिला. इंग्रजीत आहे, पण तुमच्यासाठी तिनं हातानं मराठीत उतरवून काढलाय, तो सोबत जोडला आहे. तीन पानं आहेत, अक्षर तुमच्यासारखंच वाकडं आहे. ती म्हणते, आजोबा हो म्हणाले तरच पाठवणार. गोष्ट त्यांची आहे, त्यांना ती परक्या लोकांनी वाचलेली नको असेल तर दुसरं लिहीन. दिवाळीनंतर लगेच पाठवायचा आहे, एवढीच मुदत.

तिनं लिहिलंय की तुम्ही फॉर्म भरून दिला आणि परभणीपर्यंत बसच्या टपावर बसून आलात. आई म्हणते टपावर नाही, उभ्यानं आलात. आणि कारकुनाला काय म्हणालात, ते कुणालाच माहीत नाही, म्हणून तिनं तिथं एक ओळ मोकळी सोडली आहे. चुकलं असेल तिथं लाल पेनानं खूण करा, तिच्या वह्या तपासायचात तशी. ती ओळ भरायची असेल तर भरा, नाहीतर तशीच राहू द्या. कागद रविवारी धाकट्याच्या हातानं पाठवा, तो लातूरला येणारच आहे. त्याच्याच जवळ आईच्या गुडघ्याच्या गोळ्यांची चिठ्ठी पण द्या, इकडं स्वस्त मिळतात.

तुमची थोरली