रविवारच्या राईडआधी टायर बघून घ्या

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, रविवारी सकाळी 6 वाजता लातूरहून औसा-तुळजापूरमार्गे नळदुर्गला निघायचे आहे. पाऊस झाला की ट्रॅक्टरच्या चाकांनी रानातली काळी माती डांबरावर येते आणि गुळगुळीत टायर तिथे हमखास घसरतो. म्हणून शनिवारीच गाडी बघून ठेवा.

हवा टायर थंड असतानाच तपासा. पंपापर्यंत गाडी तापवून नेली की प्रेशर जास्त दिसते आणि आपण उगाच हवा कमी करून बसतो. किती हवा ठेवायची ते चेनकव्हरवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असते. डबलसीट येणाऱ्यांनी मागच्या चाकाचा डबलसीटचा आकडा पाहावा. अंगठ्याने दाबून हवा कळत नाही, हे ज्येष्ठ मंडळींनाही सांगणे आहे!

टायरच्या नक्षीच्या खाचांत मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली असेल, तर टायर बदलायलाच हवा. कडेवरच्या चार आकड्यांत तारीख असते: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. नक्षी शाबूत पण कडेला भेगा, असा जुना टायर राईडला चालणार नाही.

गाडी बांधावर लावली असेल, तर बाभळीचा काटा रुतलाय का तेही बघा. ट्यूबलेसच्या कडेला पंक्चर असेल तर प्लग मारून आणू नका. व्हॉल्वची टोपी लावा.

निघण्याआधी हवा मोजायचे गेज सगळ्यांच्या टायरवर फिरवले जाईल. टायर खराब असलेल्यांनी दुसऱ्याच्या मागे बसून यावे.