दारू एका दिवसात तोडू नका

संपादक महोदय,

‘मनात आणलंस तर आजच सुटेल,’ असे व्यसनी माणसाला घरचेच सुनावतात. निर्धार हवाच, पण वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली, तर हात असे थरथरतात की पाण्याचा पेलाही ओठांपर्यंत जात नाही. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. कृपा करून कोणाला खोलीत कोंडू नका, डॉक्टरांकडे न्या. हेरॉइनचा धोका वेगळाच. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडते आणि पूर्वीचाच डोस जीवघेणा ठरतो. उपचार घेऊन परतलेल्या मुलाला टोमणे मारले जातात, ते नेमके याच दिवसांत!

– एक वाचक