डाळीचं पाणी नको, डाळ दे

कोथरूड, पुणे

चि. सौ. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या आठवड्यात छोटीला सहा महिने पूर्ण होऊन सातवा लागेल. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात म्हणून पाचव्याचा विषय निघाला होता, तो तू टाळलास हे फार बरं केलंस. सातवाही विषमच आहे, आणि आता तिची मान धरलेली आहे, टेकून बसते, तोंडात काही घातलं तर जिभेने बाहेर ढकलत नाही. मामा खीर चाटवेल ती बोटाला लागेल एवढीच असू दे. मध मात्र थेंबभरही नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. घरी उकळूनही ते मरत नाहीत, त्यामुळे ‘शुद्ध मध आहे’ म्हणून कुणी आग्रह केला तरी ऐकू नकोस.

पत्र लिहायला बसले ते डाळीच्या पाण्यासाठी. वरणावरची निवळ काढून बाळाला पाजायची रीत घरोघरी आहे, आणि सातव्या महिन्यानंतर वजन अडतं ते बऱ्याचदा त्यामुळेच. तिचं पोट किलोमागे साधारण तीस मिलीचं, म्हणजे सात किलोच्या बाळाचं दोनशे मिलीच्या आसपास. ते निवळीने भरलं की पोट भरल्यासारखं वाटतं, दूधही कमी प्यायलं जातं आणि अंगी काहीच लागत नाही. डाळीतली प्रथिनं आणि लोह तळाशी बसलेल्या डाळीत असतं. सहा ते आठ महिन्यांत अंगावरच्या दुधाशिवाय रोज सुमारे 200 कॅलरी अन्नातून जायला हव्यात, त्या पाण्यातून कुठून येणार? म्हणून एकच परीक्षा लक्षात ठेव: चमचा तिरका केला तर अन्न ओघळता कामा नये, हळूच घसरलं पाहिजे.

पहिलं अन्न म्हणून खिमट कर. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ धुऊन फडक्यावर सावलीत खडखडीत वाळव, मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाज आणि मिक्सरमधून बारीक रव्यासारखं काढ. ओलसर राहिलं तर पंधरा दिवसांत कुबट वास येतो, म्हणून एका वेळी थोडंच कर आणि फ्रीजमध्ये ठेव. दोन मोठे चमचे पीठ आधी गार पाण्यात कालव, नाहीतर गुठळ्या होतात. मग एकूण एक कप पाणी होईल असं घालून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ढवळत शिजव. वरून अर्धा चहाचा चमचा साजूक तूप. मीठ, साखर, गूळ वर्षाच्या आत नको. आपल्याला अळणी लागतं, तिला लागत नाही.

नाचणीचं सत्त्व करायचं असेल तर गाळलेलं नको, मोड आणून कर. नाचणी आठ-दहा तास भिजव, फडक्यात बांधून टांगून ठेव. उन्हाळ्यात दिवसभरात, पुण्याच्या थंडीत दोन दिवसांनी मोड येतात. पुरचुंडी घट्ट बांधली तर आत हवा जात नाही आणि आंबूस वास येतो. तसं झालं तर टाकून दे. सावलीत वाळवून अगदी हलकं गरम कर, खरपूस भाजू नकोस, आणि दळून पीठ कर. मोडात पिठूळपणा मोडणारं विकर (एन्झाइम) तयार झालेलं असतं, ते जास्त भाजल्याने जातं. त्याचा फार सुंदर उपयोग आहे: खिमट दाट झालं आणि तिला गिळवेना, तर पाणी ओतू नकोस. गॅस बंद करून थोडं निवू दे, पाव चमचा मोडाचं पीठ घाल, पाच मिनिटांत ते आपोआप सैल होतं. मग पुन्हा एक उकळी दे. अन्न तेवढंच राहतं, फक्त गिळायला सोपं होतं.

लोहाकडे विशेष बघ. जन्माच्या वेळची साठवण सहाव्या महिन्याच्या सुमाराला सरत येते आणि दुधात लोह थोडंच असतं. मसूर, मूग, पूर्ण उकडलेलं अंडं (तुमच्याकडे चालतं, तेव्हा बलक आणि पांढरं दोन्ही), नंतर बारीक खिमा. डाळीवर चार थेंब लिंबू पिळ, लोह शोषलं जायला मदत होते. चहात बुडवलेलं बिस्कीट कुणी देत असेल तर थांबव, चहामुळे लोह कमी शोषलं जातं. लसीच्या वेळी डॉक्टरांना लोहाच्या थेंबांचं विचार, आणि व्हिटॅमिन डीचे 400 युनिटचे थेंब रोज चालू ठेव.

पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा दोन-तीन चमचे पुरे. आठव्या महिन्यापर्यंत हळूहळू 250 मिलीच्या वाटीची अर्धी वाटी, दोन-तीन वेळा. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धी वाटी तीन-चार वेळा, मध्ये एखादं फळ. आमटीची वाटी अनेकदा लहान असते, एकदा पाण्याने मापून घे. अंगावरचं दूध चालूच राहील. वर्षाच्या आत गाईचं दूध अन्नात मिसळून थोडं चालेल, पोटभर प्यायला नको.

नवा पदार्थ एका वेळी एकच, तीन दिवस, आणि सकाळी दे. पुरळ, ओठांवर सूज, वारंवार उलटी झाली तर दवाखाने उघडे असतात. श्वास लागला तर वाट बघायची नाही, 108 लाव. दाण्याचं कूट अगदी बारीक करून खिमटात मिसळ, उशीर करू नकोस. अख्खा दाणा, फुटाणे, द्राक्ष, कच्चं गाजर मात्र नको.

आडवं घेऊन बोंडल्याने ओतू नकोस. मांडीवर ताठ बसवून भरव. ती तोंड लाल करून खोकली, ओकारी आली तर घाबरू नकोस, तो तिचा स्वतःचा बचाव आहे. आवाजच निघत नसेल, ओठ निळे पडत असतील तर अडकलंय. पालथं हातावर घे, डोकं खाली, खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा; मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर एका तळहाताच्या टाचेने पाच दाब, आणि पुन्हा तेच. दिसत नसेल तर तोंडात बोट घालू नकोस, घास आणखी आत जातो. सांभाळणाऱ्या मावशींनाही हे दाखवून ठेव.

मिक्सर आठव्या महिन्यात बंद कर. त्यानंतर हाताने कुस्करलेलं, कणीदार. नवव्या-दहाव्यापर्यंत गोळे सवयीचे झाले नाहीत तर पुढेही पेस्टच मागण्याची शक्यता वाढते. लाल भोपळा, रताळं, केळं मंडईत बारा महिने मिळतं, परदेशी फळांची गरज नाही. एखादी चव नाकारली तर दोन दिवसांनी पुन्हा दे, आठ-दहा वेळा द्यावी लागते. मोबाइल दाखवून भरवू नकोस. पोट भरल्याचं तिला कळेनासं होतं.

ताप-जुलाबात खाणं बंद करायचं नाही, थोडं थोडं जास्त वेळा द्यायचं, आणि बरी झाली की दोन आठवडे एक जेवण जास्त.

तुळशीबागेतून छोटी वाटी आणि उथळ चमचा आणलाय. शनिवारी घेऊन येते, तांदूळ तेवढे धुऊन वाळवून ठेव.

तुझी,
आई