बँकेने नाकारलेले घरकर्ज आणि पतसंस्थेचे कागद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रिझर्व्ह बँकेने 2025 च्या फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर (बँकांना ती ज्या दराने कर्ज देते तो) एकूण एका टक्क्याने खाली आणला आणि घरकर्जे स्वस्त झाल्याच्या बातम्या सगळीकडे झळकल्या. त्या वाचताना नागपूरच्या दिघोरी, हुडकेश्वर, पिपळा या बाजूची अनेक कुटुंबे माझ्या डोळ्यांसमोर येत होती. बँकेत त्यांची फाइलच दाखल होत नाही, तेव्हा रेपो दर वाढला काय आणि उतरला काय, त्यांना सारखेच. ही माणसे शेवटी पतसंस्थेकडे वळतात. मी निवृत्त शिक्षिका आहे, शिक्षकांच्या एका पतसंस्थेची अनेक वर्षांपासून सभासद आहे आणि काही काळ तिच्या संचालक मंडळावरही होते. त्यामुळे या व्यवहाराच्या दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत आणि त्याविषयीच लिहीत आहे.

माझ्या भाच्याचे ग्रिल आणि शटर बनवण्याचे छोटे दुकान आहे. त्याच्या वडिलांनी पुष्कळ वर्षांपूर्वी घेतलेला भूखंड अशा ले-आउटमध्ये आहे, ज्याला त्या वेळी मंजुरी नव्हती. नागपुरात असे पुष्कळ ले-आउट आहेत आणि ‘572’ व ‘1900’ हे अशा ले-आउटच्या दोन गटांचे आकडे उच्चारले की जुन्या नागपूरकराला पुढचे काही सांगावे लागत नाही. रजिस्ट्री आहे, ताबा आहे, वीज-पाणी आहे, मात्र गुंठेवारी कायद्याखाली (विनामंजुरी पाडलेले छोटे भूखंड नियमित करणाऱ्या कायद्याखाली) नागपूर सुधार प्रन्यासकडून मिळणारे नियमितीकरणाचे पत्र, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट ‘आरएल’ म्हणतात ते, घेतलेले नव्हते. ते घ्यायचे तर डिमांड नोटची, म्हणजे प्रन्यासने मागितलेल्या शुल्काची रक्कम भरावी लागते. ती भरायला पैसे नाहीत म्हणून कर्ज हवे होते आणि पत्र नाही म्हणून कर्ज मिळत नव्हते.

एका बँकेत त्याला तोंडी एवढेच सांगण्यात आले की फाइल बसत नाही. येथे वाचकांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. कर्जाचा अर्ज नाकारताना त्याची मुख्य कारणे अर्जदाराला लेखी कळवावीत, मग रक्कम कितीही असो, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना 2007 पासून सूचना आहे. भाच्याने लेखी अर्ज देऊन कारण मागितले, तेव्हा दोन ओळींचे उत्तर आले: भूखंडाचे नियमितीकरण झालेले नाही आणि उत्पन्नाचा पुरेसा पुरावा नाही. या दोन ओळी फार उपयोगाच्या ठरल्या, कारण तोपर्यंत घरातल्या सर्वांची समजूत होती की त्याचा ‘सिबिल’, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुणांकन, खराब आहे. प्रत्यक्षात त्याने कधी कर्जच घेतलेले नसल्यामुळे त्याच्या नावावर गुणांकनापुरती नोंदच नव्हती. सिबिलसह देशातील चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, पण तो मागवण्याआधीच लोक स्वतःला दोषी ठरवून मोकळे होतात.

त्याला कर्ज मिळाले ते वस्तीतल्या नागरी पतसंस्थेकडून. ते का मिळाले, हे पाहण्यासारखे आहे. त्या संस्थेचा पिग्मी (रोजच्या बचतीचा) एजंट चार वर्षे रोज संध्याकाळी दुकानात येऊन पैसे नेत होता. कोणत्या महिन्यात धंदा मंदावतो, लग्नसराईत तो किती वाढतो आणि हा माणूस किती दिवस चुकवतो, हे सारे त्या पिग्मीच्या पुस्तकात उतरले होते. विवरणपत्रांतून बँकेला जे दिसले नाही ते संस्थेला त्या पुस्तकात दिसले. भूखंडाचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी तपासणीचा अहवाल, त्यांनी स्वतःच्या वकिलाकडून काढला, कर्जाच्या पहिल्या टप्प्यातून डिमांड नोट भरायची अट घातली आणि पत्र हाती आल्यावर बांधकामाचा पुढचा टप्पा दिला. हे काम संस्थेने चांगलेच केले, असे मी म्हणेन.

मात्र हप्त्याचा हिशेब करताना भाच्याची दिशाभूल होता होता राहिली आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठीच लिहीत आहे. कर्ज 8 लाखांचे, मुदत 7 वर्षांची आणि व्याज घटत्या शिल्लक रकमेवर 13 टक्के, म्हणजे हप्ता साधारण 14,550 रुपये. त्याच वेळी दुसऱ्या एका संस्थेने त्याला ‘फक्त 10 टक्के’ सांगितले होते आणि घरातले सगळे तिकडेच झुकले होते. ते 10 टक्के मूळ रकमेवर होते, म्हणजे अर्धे कर्ज फिटल्यावरही व्याज पूर्ण 8 लाखांवरच चालू राहणार होते. सात वर्षांचे व्याज 5 लाख 60 हजार आणि हप्ता सुमारे 16,190 रुपये. घटत्या शिल्लकेच्या भाषेत तो दर साडेसोळा टक्क्यांच्या पुढे जातो. दहा टक्क्यांचे कर्ज तेरा टक्क्यांच्या कर्जापेक्षा महिन्याला सोळाशे रुपयांनी महाग पडते, हे चांगल्या शिकलेल्या माणसालाही कागदावर मांडल्याशिवाय उमगत नाही. मी आयुष्यभर गणित शिकवले, तरी मलाही दोनदा हिशेब तपासावा लागला.

तसेच बँकेशी तुलना करतानाही घाई होते. बँकेने हेच 8 लाख 15 वर्षांसाठी 9 टक्क्यांनी दिले असते, तर हप्ता 8,110 रुपयांच्या आसपास आला असता. हा फरक मोठा दिसतो, पण त्याचा बहुतांश भाग मुदतीमुळे आहे, दरामुळे नव्हे, कारण 9 टक्क्यांनीच 7 वर्षांत कर्ज फेडायचे ठरवले तर हप्ता 12,870 होतो. एकूण व्याज पाहिले, तर पतसंस्थेच्या सात वर्षांत सव्वाचार लाखांच्या आत जाते आणि बँकेच्या पंधरा वर्षांत साडेसहा लाखांहून अधिक. म्हणून पतसंस्थेचे कर्ज महागच, असे सरसकट म्हणता येत नाही. ते दर महिन्याला जड असते आणि ज्याचा धंदा पावसाळ्यात बसतो त्याने हा जडपणा जूनपूर्वीच हिशेबात धरलेला बरा.

येथे आणखी एक घोळ दूर करायला हवा. सहकारी बँक आणि पतसंस्था या एक नव्हेत. नागरी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते आणि तेथील ठेवींना 5 लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. वैयक्तिक घरकर्जाची तिची मर्यादाही जून 2022 मध्ये वाढली आहे. लहान बँकांसाठी ती 30 लाखांची 60 लाख झाली. त्यामुळे मोठ्या बँकेने नकार दिल्यावर थेट पतसंस्थेत जाण्याआधी नागरी सहकारी बँकेत विचारणा करणे शहाणपणाचे आहे. पतसंस्था राज्याच्या 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली चालते. ती आपल्या नावात ‘बँक’ लावू शकत नाही आणि तिच्या ठेवींना तो विमा नाही. पुढे कर्ज मिळेल या आशेने निवृत्तीची सगळी पुंजी तेथे ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. तसे करू नये. (भिशीचे तर नावच नको. तिच्यावर घर बांधायला निघालेल्यांचे हाल आमच्या गल्लीने दोनदा पाहिले आहेत.)

पगारदारांच्या पतसंस्थेची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे याच 1960 च्या कायद्याच्या कलम 49 नुसार हप्ता परस्पर पगारातून कापून येतो, त्यामुळे संस्था निर्धास्त असते आणि सभासदालाही शिस्त लागते. माझे मानेवाड्याचे घर असेच उभे राहिले. अवघड प्रसंग येतो तो जामीनदारावर. संचालक मंडळाच्या बैठकीत थकबाकीची यादी वाचली जायची, तेव्हा बहुतेक वेळा समोर कर्जदार नसायचाच, त्याचा जामीनदार बसलेला असायचा. एका सहकाऱ्याने मित्राच्या घरासाठी सही केली आणि मुलीच्या लग्नाच्या वर्षी त्याच्याच पगारातून कपात सुरू झाली. कलम 101 खालील वसुली दाखला निघाला, की त्यात जामीनदाराचे नावही असते आणि ‘मी नुसती सही केली होती’ या वाक्याला तेथे काही अर्थ उरत नाही. पतसंस्थेच्या कर्जात दोन जामीनदार सहज मागितले जातात आणि आपल्याकडे भिडेपोटी तितक्याच सहज दिलेही जातात. सही करण्यापूर्वी कर्जरोख्याची प्रत मागण्यात कोणाचाही अपमान नाही.

आता माझा मूळ मुद्दा. बँकांना आणि गृहवित्त कंपन्यांना लागू असलेले दोन साधे नियम पतसंस्थांच्या कर्जदाराच्या वाट्याला येत नाहीत. पहिला असा, की 1 ऑक्टोबर 2024 पासून व्यक्तींना किरकोळ (रिटेल) कर्ज देताना कर्जदाराला समजेल अशा भाषेत मुख्य माहितीचे एक पत्रक द्यावे लागते आणि त्यात सर्व शुल्के धरून येणारा वार्षिक दर लिहावा लागतो. असे पत्रक त्या ‘10 टक्के’वाल्या संस्थेला द्यावे लागले असते, तर भाच्याला माझ्याकडे वही घेऊन यावे लागले नसते. दुसरा नियम असा, की कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रे 30 दिवसांत परत करावी लागतात आणि संस्थेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम डिसेंबर 2023 पासून लागू आहे. पतसंस्थेत रजिस्ट्री कधी परत मिळेल, ते व्यवस्थापकाच्या सवडीवर अवलंबून असते. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना कर्ज फेडल्यावर आखीव पत्रिकेवरचा (मालमत्ता पत्रकावरचा) बोजा उतरवण्यासाठी लागणाऱ्या पत्राकरिता अनेक महिने फेऱ्या माराव्या लागल्या.

त्यात भर म्हणजे पतसंस्थेत नियमित भरलेले हप्ते पतमाहिती कंपन्यांकडे बहुधा नोंदवले जात नाहीत. सात वर्षे एकही हप्ता न चुकवणारा माणूस पुन्हा बँकेत गेला, तर तो तेथे पूर्वीइतकाच अनोळखी असतो. निदान हप्त्यांचा तारीखवार उतारा संस्थेच्या शिक्क्यासह दरवर्षी मिळाला, तर तो बँकेपुढे ठेवता येईल. भाच्याकडे आता नियमितीकरणाचे पत्र आहे, त्यामुळे बँकेच्या दोन हरकतींपैकी एक संपली आहे. दुसरी या उताऱ्याने संपू शकेल.

सहकार आयुक्तांनी या तिन्ही गोष्टी, म्हणजे मराठीतील माहितीपत्रक, कागदपत्रे परत करण्याची मुदत आणि वार्षिक उतारा, घरासाठी कर्ज देणाऱ्या पतसंस्थांना परिपत्रकाने बंधनकारक कराव्यात, अशी माझी विनंती आहे. 2025 हे आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष म्हणून समारंभपूर्वक साजरे झाले. त्या समारंभांच्या तुलनेत हा खर्च कागदाच्या तीन पानांचा आहे. परिपत्रक निघेपर्यंत सभासदांनी थांबण्याचेही कारण नाही. पतसंस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपूर्वी घ्याव्या लागतात आणि तेथे सभासदाला ठराव मांडता येतो. आमच्या संस्थेच्या येत्या सभेसाठी मी तसा लेखी ठराव पाठवला आहे. इतर संस्थांच्या सभासदांनाही तो मांडावासा वाटला, तर त्याचा मसुदा या पत्रातूनच घ्यावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
मानेवाडा, नागपूर